जीर्णाची निगा

‘जुनें तें सोनें’ ही म्हण आमच्या तोंडीं जितकी आहे तितकी ती आमच्या आचरणांत नाहीं. जुनें भांडें मोडींत जातें, जुना वाडा पाडला जातो, जुनें घड्याळ दुरुस्त करण्यापेक्षां नवें घेणें स्वस्त पडतें, आणि हें सर्व होत असतां कोणाच्या मनास फारसा चटका बसत नाहीं. अशा काळांत पुणें, मुंबई, नाशिक अशा शहरांतून कांहीं सुशिक्षित गृहस्थ तीस-तीस, पन्नास-पन्नास वर्षांच्या जर्मन मोटारी घरच्या घरीं दुरुस्त करून हौसेनें वापरीत असतात, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे. हे लोक शहाणे कीं वेडे, असें शेजारीपाजारी विनोदानें विचारतात. आम्हांस तो प्रश्न गंभीरपणें विचारावासा वाटतो. जीर्ण वस्तूची निगा राखणें हा गुण आहे कीं नुसता मोह? आणि गुण असेल तर तो कोणत्या अटीवर?

प्रथम वस्तुस्थिति सांगूं. मर्सिडीज-बेंझ कंपनीनें १९९४ सालीं भारतांत आपली शाखा स्थापिली व १९९५ पासून पिंपरी येथें टेल्कोच्या आवारांत तिच्या ‘ई’ वर्गाच्या मोटारी तयार होऊं लागल्या. जर्मनींत १९८४ पासून निघत असलेली ती जात होती. समोरच्या कांचेवर पुसणारा दांडा एकच, पण तोच कोपऱ्यापर्यंत पोंचणारा, ही तिची खूण. त्या पहिल्या मोटारींनीं आतां तिशी ओलांडली आहे. त्याहून जुन्या, पाठीमागें इंजिन असलेल्या व केवळ हवेनें थंड होणाऱ्या फोक्सवॅगन ‘बीटल’ मोटारीही क्वचित् दृष्टीस पडतात. ती मूळ जात १९३८ पासून जुलै २००३ पर्यंत निघत होती, आणि तिच्या दोन कोटि पंधरा लक्षांहून अधिक मोटारी झाल्या.

येवल्यासारख्या गांवीं अशी मोटार विरळाच. तथापि जर्मन यंत्राशीं या गांवाची ओळख नवी नाहीं. मनमाडहून नगरकडे जाणारा आणि नाशिकहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणारा असे दोन मोठे रस्ते येथें एकमेकांस छेदतात. टाटा आणि डेम्लर-बेंझ यांचा मालमोटारींचा करार १९५४ पासून १९६९ पर्यंत चालला. त्या काळांत आपल्या हमरस्त्यांवर धांवणाऱ्या कित्येक मालमोटारींच्या कपाळावर तीन टोकांची चांदणी असे. करार संपला, चांदणी गेली. परंतु त्या गाड्या रस्त्याकडेच्या मिस्त्र्यांनीं पुढें वर्षानुवर्षें चालत्या ठेवल्या. निगा राखण्याची ही कला आपल्या देशांत बंगल्याच्या आवारांत जन्मली नाहीं. ती हमरस्त्याच्या कडेला, लिंबाच्या सांवलींत, तेलानें काळ्या झालेल्या मातींत वाढली. हें पुढें उपयोगी पडणार आहे, म्हणून येथेंच नमूद करून ठेवतों.

आतां आमच्या हौशी गृहस्थाचा रविवार पाहावा. सकाळचा चहा झाला कीं स्वारी जुना सदरा चढवून मोटारीच्या तोंडाशीं उभी राहते. रबरी नळ्या तडकल्या आहेत काय, तारांवरील वेष्टण उष्णतेनें भुरभुरीत झालें आहे काय, वंगणाचा रंग काय सांगतो, हें पाहण्यांत दोन तास जातात. एक पाना सांपडत नाहीं म्हणून घरांतील सर्व मंडळी कामास लागतात. शेवटीं इंजिन सुरू होतें, गृहस्थ कान देऊन उभे राहतात, आणि ‘आतां ठीक आहे’ असें म्हणतांना त्यांच्या मुद्रेवर जें समाधान दिसतें तें महिन्याचा पगार हातीं पडतांना कधीं दिसलें नव्हतें, असें घरच्या बाईंचें म्हणणें असतें. सुटा भाग मिळेपर्यंत मोटार दोन महिने ओट्यापुढें अडून राहिली तरी हे हताश होत नाहींत. उलट त्या भागाचा शोध हाही त्यांच्या आनंदाचाच एक भाग असतो.

हा आनंद कशाचा, हें नीट ओळखलें पाहिजे. तो मालकीचा आनंद नव्हे. केवळ मालकीचा आनंद हवा असेल तर नवी मोटार अधिक प्रतिष्ठा देते. किंमत वाढेल म्हणून जुनी मोटार कुलुपांत ठेवणारे संग्राहकही आहेत. त्यांचा आनंद सोनें सांठविणाऱ्याचा असतो, आणि त्याचा आमच्या प्रश्नाशीं संबंध नाहीं. निगा राखणाऱ्याचा आनंद हा ओळखीचा आनंद आहे. जुन्या डिझेल इंजिनांत इंधन किती व केव्हां जावें हें एक यांत्रिक पंप ठरवितो. त्याचें काम डोळ्यांनीं पाहतां येतें, कानांनीं ऐकतां येतें, हातांनीं सुधारतां येतें. अलीकडच्या मोटारींत हेंच काम विजेच्या सूक्ष्म यंत्रणेकडे गेलें आहे. ती यंत्रणा अधिक अचूक आहे, कमी धूर सोडते, हें निर्विवाद. पण तिच्यापुढें मालक केवळ पैसे भरणारा उरतो. जी वस्तु आपणांस कळत नाहीं तिचे आपण कागदोपत्रीं मालक असलों तरी वस्तुतः भाडेकरूच असतों. घरांतील बहुतेक सर्व वस्तूंच्या बाबतींत आज आपण भाडेकरू झालों आहों. मग एका तरी वस्तूशीं खरी ओळख असावी ही इच्छा आम्हांस वेडेपणाची वाटत नाहीं.

येथें एक तत्त्वज्ञ आडवा येतो. तो म्हणतो, तुम्ही जिची निगा राखतां ती मोटार आतां आहेच कोठें? नळ्या बदलल्या, टायर बदलले, इंजिनाचे आंतले भाग बदलले, रंग तर तीनदां दिला. मग जुनी म्हणून उरलें काय? हा प्रश्न फार प्राचीन आहे. अथेन्सच्या लोकांनीं थीसियसचें जहाज जपतांना कुजलेली एक एक फळी बदलली, तेव्हां तें जहाज तेंच राहिलें कीं दुसरें झालें, याविषयीं तत्त्वज्ञांत वाद होता असें प्लुटार्क सांगतो. आपल्याकडे ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथांत भिक्षु नागसेन यवन राजा मिलिंदास विचारतो कीं, ज्या रथांतून तूं आलास तो रथ म्हणजे आंस काय, चाकें काय, कीं जूं? राजाला कबूल करावें लागतें कीं यांपैकीं कोणताही एक भाग रथ नव्हे. या सर्वांच्या आधारानें ‘रथ’ हें नांव चालतें इतकेंच.

२०२१ सालीं केंद्र सरकारनें पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठीं नियम केले, त्यांतही हाच प्रश्न सरकारी भाषेंत उभा आहे. वाहन मूळ स्वरूपांत असावें, त्याची चॅसी, सांगाडा व इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा, अशी तेथें अट आहे. म्हणजे कायद्यालाही कोठें तरी रेघ ओढावी लागली. परंतु आम्हांस या कोड्याचें उत्तर येवल्याच्या विणकराच्या घरीं अधिक स्पष्ट दिसतें. मागावरचा ताणा संपत आला म्हणजे तो जुना ताणा फणींतून ओढून फेंकून देत नाहींत. जुन्या ताराच्या टोकाला नव्या ताराचें टोक, असे सर्व तार एक एक करून सांधतात. मग तो सांधा पुढें ओढून घेतात आणि विणकाम पूर्ववत् सुरू होतें. मागावर काल असलेला एकही तार महिन्या-दोन महिन्यांनीं उरत नाहीं, तरी माग तोच असतो. त्याचें तेंपण तारांत नसून सांधण्यांत आहे. मोटारीचेंही तसेंच. जोंवर प्रत्येक नवा भाग जुन्याची रीत समजून बसविला जातो तोंवर ती तीच मोटार; ती समज तुटली कीं सर्व भाग मूळचे असूनही ती केवळ लोखंड.

इतक्यावर थांबलों असतों तर निगेची स्तुति पुरी झाली असती. पण येवल्याचें नांव घेतल्यावर इतक्यावर थांबतां येत नाहीं. याच गांवीं १३ ऑक्टोबर १९३५ रोजीं डॉ. आंबेडकरांनीं, आपण हिंदु म्हणून जन्मलों हें आपल्या हातीं नव्हतें, परंतु हिंदु म्हणून मरणार नाहीं, अशी घोषणा केली. ती जागा आज मुक्तिभूमि म्हणून ओळखली जाते. ज्या समाजरचनेविरुद्ध ती घोषणा होती तीही जुनीच होती. तिचीही पिढ्यान्‌पिढ्या मोठ्या काळजीनें निगा राखली गेली होती. तिच्याही प्रत्येक मोडत्या भागास कोणी ना कोणी पंडित नवा आधार देत आला होता. तेव्हां जुनें आहे म्हणून सांभाळावें, किंवा सांभाळण्यांत कौशल्य आहे म्हणून तें स्तुत्य, असें म्हणण्यास आम्ही मोकळे नाहीं. निगा हा गुण एकट्यानें उभा राहत नाहीं; ती कशाची आणि कोणाच्या खर्चानें, हें विचारावेंच लागतें.

आणि त्याच पुरुषानें एकवीस वर्षांनंतर, १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं, नागपुरास जो मार्ग स्वीकारला तो नवा नव्हता. अडीच हजार वर्षांचा जुना होता. मात्र तो जुना म्हणून स्वीकारला नाहीं, तपासून स्वीकारला. टाकणें आणि घेणें या दोन्ही कृतींत कसोटी एकच होती: या जुन्याचें ओझें कोणाच्या खांद्यावर पडतें?

मोटारीसारख्या लहान वस्तूसही हीच कसोटी लावावी. आपल्या कायद्यानें खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांपुरती असते. पुढें तपासणी करून पांच पांच वर्षांनीं ती वाढवून घ्यावी लागते. या तपासणीस हौशी मंडळी कुरकुरतात. आमच्या मतें तिच्यामागील तत्त्व न्याय्य आहे. जुन्या मोटारीचा आनंद मालकास मिळतो आणि धूर रस्त्यावरच्या मुलास मिळतो, अशी वांटणी असेल तर तो आनंद उसना आहे. ज्याला जुनी मोटार आवडते त्यानें तिच्या धुराची काळजी परीक्षकापेक्षां अधिक घेतली पाहिजे.

दुसरें ओझें स्मृतीचें. ज्या ‘बीटल’ची आज मुलेंसुद्धां लाडानें चित्रें काढतात तिच्या कारखान्याची कोनशिला १९३८ सालीं हिटलरनें बसविली. आठवड्यास पांच मार्क भरा आणि मोटार मिळवा, या योजनेंत तीन लक्षांहून अधिक लोकांनीं पैसे भरले. त्या राजवटींत त्यांच्यापैकीं एकासही मोटार मिळाली नाहीं. महायुद्धांत त्याच कारखान्यांत वेठबिगार म्हणून आणलेले हजारों लोक राबले. यासाठीं ती मोटार मोडींत घालावी असें आम्ही म्हणत नाहीं. लोखंडाला पाप लागत नाहीं. पण तिचें पितळ उजळतांना तिचा इतिहासही घासून पुसून टाकणें हें निगेंत बसत नाहीं. मुलांना मोटार दाखवावी तेव्हां हीही गोष्ट सांगावी.

तिसरी गोष्ट आम्हां सुशिक्षितांस सर्वांत अवघड जाते. पुस्तकी विद्येवर पोट भरणाऱ्या आमच्या वर्गानें हातांच्या कामास पिढ्यान्‌पिढ्या हलकें लेखलें. आज तेंच काम रविवारचा छंद होऊन आमच्या अंगणांत आलें आहे, ही आनंदाची गोष्ट. परंतु रविवारीं स्वतःचे हात काळे झाल्याचा अभिमान बाळगणारा गृहस्थ सोमवारीं गॅरेजांतल्या मिस्त्र्यास ‘अरे-तुरे’ करीत असेल, त्याच्या मजुरींत पन्नास रुपयांची घासाघीस करीत असेल, तर त्याचा छंद म्हणजे नाटकांतला वेष होय. चांदणीच्या मालमोटारी ज्यांनीं चालत्या ठेवल्या त्यांना छंद नव्हता, पोट होतें. मागाच्या खड्ड्यांत पाय सोडून तार सांधणाऱ्यासही तो विरंगुळा नाहीं. हौशी माणसाची विद्या या लोकांपासून आलेली आहे. त्या ऋणाची जाणीव ही त्याच्या हौसेची खरी परीक्षा.

एवंच, जीर्णाची निगा हा गुण आहे. परंतु तिचा भार आपला आपण सोसावा, तिचा इतिहास खरा सांगावा, आणि जें काम आपण हौसेनें करतों तेंच पोटासाठीं करणाऱ्याचा मान राखावा, या तीन अटी पाळल्या तरच. मोटार शेवटीं मोडींत जाणारच. कोणताही सांधा कायमचा नसतो. ज्या घरांत या अटी पाळून एखादी जुनी वस्तु सांभाळली गेली त्या घरांतील मुलें मोडलेली वस्तु पाहून ‘नवी आणूं’ असें म्हणण्यापूर्वीं ‘काय बिघडलें आहे तें पाहूं’ असें म्हणतील. वस्तूंच्या बाबतींत लागलेली ही संवय माणसांच्या आणि संस्थांच्या बाबतींतही उपयोगी पडते, आणि जें खरोखर दुरुस्त होण्याजोगें नाहीं तें ओळखून सोडून देण्याचें धैर्यही तिच्यांतूनच येतें.