तंबाखूचे रान आणि तुळशीची माळ

गळ्यात माळ पडली की काय खावे आणि काय खाऊ नये, हे वारकऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. पण काय पिकवावे, याबद्दल माळ काही सांगते का? आपल्या हदगावच्या पट्ट्यात हा प्रश्न सहसा उठत नाही. इथे कापूस, सोयाबीन, हळद. तंबाखू आपल्याकडे रानात नसते, खिशात असते.

कार्तिकी करून आम्ही चौघे माळकरी आदमापूरला बाळूमामांच्या दर्शनाला गेलो आणि तिथून निपाणी भागात एका वारकरी शेतकऱ्याकडे मुक्कामाला राहिलो. निपाणी म्हणजे विडीच्या तंबाखूचा मुलूख. तंबाखूला भाव मिळावा म्हणून १९८१ साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तिथले शेतकरी महामार्गावर ठाण मांडून बसले आणि ६ एप्रिलला पोलिसांच्या गोळीबारात काहींचे प्राण गेले. या पानावर किती चुली पेटतात ते यावरून समजावे.

यजमानांनी रान हिंडवून दाखवले. तंबाखूचे बी मोहरीहून कितीतरी बारीक, एका ग्रॅममध्ये १०,००० च्या वर बसते. पावसाळ्याच्या तोंडी ते वाळूत मिसळून गादीवाफ्यावर टाकायचे, झारीने पाणी द्यायचे, साधारण दीड महिन्याने रोप रानात लावायचे. त्यापुढचे काम आम्ही डोळ्यांनी पाहिले. झाड फुलावर येऊ लागले की शेंडा खुडतात. मग पानांच्या बेचक्यांतून फुटवे निघतात, तेही पुन्हा पुन्हा मोडतात. फूल नाही, बी नाही, झाडाचा सगळा कस पानात. निकोटीन मुळांत तयार होऊन पानांत चढते आणि शेंडा खुडला की आणखी वाढते. पान जाड होते, कडक होते, भाव चढतो. खुडणाऱ्या मावशींची बोटे चिकाने काळी झाली होती.

सावता महाराजांना अरणच्या मळ्यात विठ्ठल दिसला. काम मन लावून केले की तेच भजन, असे आपण कीर्तनात ऐकत आलो. त्या रानात उभे असताना मी इथेच अडलो. इथे जितके मन लावावे तितके पान जहाल. आळशाच्या रानातली तंबाखू त्या मानाने सौम्यच म्हणायची! महाराजांपुढे हा पेच नव्हता. हे झाड पोर्तुगीजांबरोबर आपल्या देशात आले ते त्यांच्यानंतर सुमारे ३०० वर्षांनी.

रात्री हरिपाठ झाल्यावर यजमानांनी हळूच विचारले, "माउली, मी स्वतः चिमूटभरही तोंडात घालत नाही. पण पांडुरंगाला नैवेद्य जातो तो ह्याच पैशाचा. पोचत असंल काय?"

आमच्यातले एक बुवा लगेच म्हणाले, "तुम्ही पोटासाठी लावता, दोष खाणाऱ्याचा." ऐकायला सोपे. पण त्या माणसाला आपले पान कुठे जाते ते ठाऊक होते, म्हणून तर त्याने विचारले. आणि दोष खाणाऱ्याचा म्हणणाऱ्या बुवांच्याच बंडीत चुन्याची डबी होती. दिंडीत काकड्याच्या आधी तळहातावर अंगठा फिरवणारे माळकरी आपण सगळ्यांनी पाहिलेत. मला वाटते, पीक बदलायला पाणी लागते, गिऱ्हाईक लागते, वर्षाची उधारी फिटावी लागते. पुडी टाकायला यातले काहीच लागत नाही. तेव्हा यजमानांना काही सांगण्याआधी बुवांनी बंडी झाडायला हवी होती, असे मी तिथेच बोललो. बुवा गप्प राहिले.

यजमान मात्र हसले. म्हणाले, "यंदा विहिरीकडच्या अर्ध्या एकरात शाळू पेरलाय. नैवेद्याची भाकरी तेवढी त्यातली करायची, असं घरात ठरलंय."