चोविसाव्या गुरूचं कोडं

श्रीमद्भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत यदुराजाला आपल्या चोवीस गुरूंची ओळख करून देतो. हा अवधूत म्हणजेच आपले श्रीदत्तप्रभू, असं आपला संप्रदाय मानतो. पृथ्वी, वारा, आकाश, पाणी इथून सुरू झालेली ही यादी अजगर, पतंग, हत्ती, मासा, पिंगला, लहान मूल, कोळी असं करत शेवटी एका माशीपाशी थांबते. ती पेशस्कृत, म्हणजे आपली कुंभारीण. घराच्या भिंतीला, देव्हाऱ्याच्या मागे, कधी खिडकीच्या चौकटीत मातीचं इवलंसं मडकं करते ती. ती अळी आणून घरट्यात कोंडते आणि भीतीपोटी तिचंच चिंतन करता करता अळी माशी होते. माणूसही ज्याचं अखंड ध्यान करतो त्याच्यासारखा होतो, असा हा दृष्टान्त. नाथमहाराजांनी एकनाथी भागवतात तो मराठीत आणला आणि कीर्तनांतून तो घरोघर पोचला.

धुळ्याच्या कृषी महाविद्यालयात शिकणाऱ्या माझ्या भाच्यानं मागच्या दिवाळीत मला विचारलं, "मामा, ती अळी माशी होतच नाही. मग अवधूतानं हा गुरू कसा काय केला?"

त्याचं म्हणणं खरं आहे. कुंभारीण मडक्यात आधी एक अंडं घालते. मग हिरव्या अळ्या धरून आणते, डंख मारून त्यांना बधिर करते, आत कोंबते आणि वरून मातीचं झाकण लावते. बधिर अळी मरत नाही, म्हणून नासत नाही. अंड्यातून निघालेलं पिल्लू त्या अळ्या खातं, कोष करतं आणि माशी होऊन मडकं फोडून बाहेर पडतं. आत गेली ती अळी संपली. बाहेर आली ती कुंभारणीची लेक. जुन्या लोकांनी अळी आत जाताना पाहिली, माशी बाहेर येताना पाहिली, आणि मधला दुवा मनानं जोडला.

भाचा तेवढ्यावर थांबला नाही. "मग गुरूही असंच करतो का? आधी बधिर करायचं, मग आत शिरायचं?" यात थट्टा नव्हती. आमच्या नात्यातल्या एका घरानं कुणा महाराजांच्या नादानं दोन एकर केळीची बाग गहाण टाकली होती, आणि घरातला कर्ता माणूस शांतपणे सांगत होता, "मला कोणी सांगितलं नाही. ही माझीच इच्छा." हे त्या पोरानं जवळून पाहिलं होतं. म्हणून त्याचा प्रश्न दत्तजयंतीच्या अंकात आपल्या सगळ्यांपुढे ठेवावा असं मला वाटलं.

दुसऱ्याच्या देहात राहून त्यालाच आपल्या सोयीनं चालवणारे जीव निसर्गात पुष्कळ आहेत. ऐन मार्गशीर्षात आपल्या हरभऱ्यावर घाटेअळी असते. तिच्यासाठी आपले शेतकरी एचएएनपीव्ही नावाचा विषाणू फवारतात. उन्हानं तो निकामी होतो म्हणून संध्याकाळी फवारायचा. हा विषाणू पोटात गेलेली अळी पुढे झाडाच्या शेंड्याकडे चढत जाते, मागच्या पायांनी धरून उलटी लटकते आणि तिथंच मरते. तिच्या शरीराचं पाणी होऊन ते खालच्या पानांवर ठिबकतं. ती पानं खाणाऱ्या दुसऱ्या अळ्यांनाही लागण होते. वर चढली अळी, पण त्या चढण्याचा लाभ विषाणूला. 2011 साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी याच जातकुळीतल्या एका विषाणूत अळीला वर चढवणारा जनुक दाखवून दिला.

आपल्याकडे हिरव्या चमकदार रंगाची आणखी एक माशी सापडते. ती झुरळाच्या थेट मेंदूत डंख मारते. झुरळ लुळं पडत नाही, त्याला चालता येतं. फक्त आपणहून पाऊल उचलायची इच्छा जाते. मग माशी त्याची मिशी धरते आणि दावणीचं जनावर न्यावं तसं त्याला बिळात नेते. तिथं त्याच्या पायावर अंडं घालून ती बिळाचं तोंड बुजवते. पाय झुरळाचे, चाल माशीची.

हे किड्यांपुरतंच आहे असं कोणी म्हणेल. पण आमच्या पिढीला नारू आठवतो. नारूची मादी जवळपास हातभर, कधी मीटरभर लांब. पिण्याच्या पाण्यातल्या बारीक जीवांतून नारू पोटात शिरायचा आणि साधारण वर्षानं बहुधा पायाला फोड येऊन बाहेर डोकं काढायचा. त्या फोडाची अशी आग व्हायची की माणूस पाण्याकडे धाव घ्यायचा. पायऱ्यांच्या विहिरीत उतरून त्यानं पाय बुडवला की त्याला बरं वाटायचं, आणि त्याच क्षणी नारू आपली हजारो पिल्लं पाण्यात सोडून द्यायचा. तेच पाणी अख्खं गाव प्यायचं. नारू माणसाच्या मेंदूत कधीच गेला नाही. त्यानं फक्त आग लावली. विहिरीपर्यंत माणूस स्वतःच्या पायांनी, स्वतःच्या इच्छेनं गेला.

आता सांगा, तो माणूस दोषी होता का? मला तसं वाटत नाही. आग होत असताना पाय पाण्यात घालणं हा गुन्हा कसा? पण गोष्ट इथं संपत नाही. 1984 च्या सुमारास देशात नारू निर्मूलनाची मोहीम सुरू झाली तेव्हा ज्या सात राज्यांत हा रोग होता त्यांत आपला महाराष्ट्रही होता. रोग्याला बरं करील असं औषध नव्हतं, लसही नव्हती. मग पायऱ्या बंद करून विहिरींवर रहाट आणि कप्प्या आल्या, हातपंप आले, पाण्यात औषध टाकलं गेलं. लोकांना कापडातून पाणी गाळायला शिकवलं. आणि रोग्याला सांगितलं, बाबा रे, आग होईल, सोस, पण पाय पाण्यात घालू नकोस. भारतातला शेवटचा रोगी 1996 साली राजस्थानात सापडला आणि 2000 साली जागतिक आरोग्य संघटनेनं देश नारूमुक्त झाल्याचा दाखला दिला.

मला यात धर्माचा मोठा धडा दिसतो. ओढ आपली नसेल, तर ती ओढ असण्याचा दोष आपल्याकडे येत नाही. पण ती कुणाची हे कळलं, की त्या क्षणापासून पाऊल आपलं होतं. दारू, गुटखा, रात्री दोन वाजेपर्यंत हातात राहणारा मोबाइल, यांपैकी प्रत्येकजण आपल्याला "हे तुलाच हवंय" असंच सांगतो. अवधूतही याच अध्यायात म्हणतो की जीभ एकीकडे ओढते, पोट दुसरीकडे, कान तिसरीकडे. अनेक बायकांच्या नवऱ्यासारखी माणसाची गत होते. आपल्या आसोद्याच्या बहिणाबाईंनी मनाला उभ्या पिकात शिरणाऱ्या मोकाट ढोराची उपमा दिली. ढोर हाकलायचं असतं हे खान्देशातल्या शेतकऱ्याला सांगायला नको. पण ते रोज त्याच बांधावरून का येतं, त्याला कोण सोडतं, हेही कधीतरी पाहावं लागतं.

आता गुरूचा प्रश्न. गुरू मनात शिरतो, आपलं वागणं बदलतो, आपण त्याला शरण जातो. वरवर पाहता बांडगुळाचंही तसंच असतं. फरक ओळखायचा कसा? भागवतातच त्याचं उत्तर आहे. अवधूत यदूला सांगतो की हे गुरू मी माझ्या बुद्धीनं केले. पृथ्वीनं त्याला बोलावलं नव्हतं, अजगरानं दीक्षा दिली नव्हती. चोविसांपैकी एकानंही काही मागितलं नाही. यदूनं प्रश्न विचारला तेव्हा अवधूतानं त्याला गप्प केलं नाही. एकेक गुरू उलगडून सांगितला. आणि सांगून झाल्यावर राजाचा निरोप घेऊन आला तसा निघून गेला. मागं राहिला तो आसक्तीतून सुटलेला यदू. गुरू निघून गेल्यावर शिष्य आपल्या पायांवर उभा असतो. बांडगूळ निघून गेल्यावर मागे टरफल उरतं.

मग कुंभारणीचा दृष्टान्त खोटा ठरला का? माझ्या मते नाही. किड्यांचं शास्त्र शिकवायला तो सांगितलेलाच नव्हता. ज्याचा ध्यास घ्यावा तसं माणूस होतो, याचा अनुभव माणसांतच येतो. त्यासाठी अळीची साक्ष लागत नाही. उलट खरी हकीकत कळल्यावर हा गुरू मला जास्त शिकवतो. ज्याला आत जागा द्याल तो तुम्हाला आपल्यासारखं करील, नाहीतर खाऊन टाकील. दोन्ही एकाच बंद मडक्यात होऊ शकतं. अळीला निवड नव्हती, तिला उचलून आणलं होतं. माणसाला निवड आहे. डोळे मिटून शरण जाणं ही अळीची शरणागती. विचारून, पारखून, तपासून शरण जाणं ही अवधूताची.

त्या घरातल्या कर्त्या माणसाला मी दोष देत नाही. पण ते महाराज गेल्यावर घरात काय उरलं, एवढं त्यानं बघावं, असं मला मनापासून वाटतं. केळीची बाग परत मिळेल न मिळेल, बघणारे डोळे परत मिळाले तरी पुष्कळ.

दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याला एकमुखी दत्ताची यात्रा भरते. तिथला घोडेबाजार दूरवर प्रसिद्ध आहे. घोडा घेणारा माणूस त्याचे दात पाहतो, खूर उचलून पाहतो, चाल पाहतो, चार जणांना विचारतो, आणि मगच लगाम हाती घेतो. मग ज्याच्या हाती आपण स्वतःचा लगाम द्यायचा, त्याची एवढी तरी पारख करायला नको का? दत्तप्रभूंना त्याचा राग येणार नाही. ते स्वतः चोवीस ठिकाणी पारख करूनच शिकले.

श्री गुरुदेव दत्त.