दुसऱ्यानं वाचलेलं प्रूफ

अण्णांनी पुण्यातल्या एका छापखान्यात उभ्याउभ्या आयुष्य काढलं. कंपोझिटर होते. हस्तलिखितातली ओळ एकदा पाहायची, नजर अक्षरांच्या खिळ्यांच्या केसकडे वळवायची आणि ओळ डोळ्यांपुढून पुसली जाण्याआधी एकेक खिळा उचलून स्टिकमध्ये लावायचा. या ताकदीला मानसशास्त्रात दृश्य कार्यस्मृती म्हणतात. ती कुणाचीच फार मोठी नसते. लक आणि व्होगेल या संशोधकांनी १९९७ साली रंगीत चौकोनांचे प्रयोग करून दाखवलं, की क्षणभर पाहिलेल्या गोष्टींपैकी साधारण चारच माणूस नीट धरून ठेवतो. अण्णांचं सारं कसब या चारांच्या जागेत मावलेलं होतं.

सत्तरी जवळ आली तशी ही जागा आक्रसू लागली. लेकीकडे बॉस्टनला राहायला गेले, तेव्हा कागदावरचा फोन नंबर बटणं दाबेपर्यंत निसटायचा. लेक मेंदूविज्ञानाच्या एका प्रयोगशाळेत काम करायची. तिच्या तोंडून त्यांनी त्याच शहरातल्या, बॉस्टन विद्यापीठातल्या एका प्रयोगाची हकिगत ऐकली. २०१९ साली राइनहार्ट आणि न्गुयेन यांनी साठ ते शहात्तर वयाच्या बेचाळीस जणांच्या मेंदूला कवटीवरूनच सौम्य, लहरता विद्युतप्रवाह दिला होता. काम साधंच होतं: एक चित्र पाहायचं, थोडं थांबायचं, मग दुसरं चित्र तेच आहे की बदललंय ते सांगायचं. वय वाढलं की कपाळामागचा आणि कानशिलाजवळचा भाग यांच्या विद्युतलयींचा मेळ सुटतो. पंचवीस मिनिटं प्रवाह दिल्यावर तो मेळ पुन्हा बसला आणि म्हातारी माणसं विशीतल्या पोरांच्या तोडीची उत्तरं देऊ लागली. प्रवाह थांबल्यावरही पन्नास मिनिटं परिणाम टिकला.

"मलाही दे की तो करंट," अण्णा म्हणाले.

"अण्णा, ते घरी करायचं काम नाही. तिथं प्रत्येकाच्या मेंदूची स्वतःची लय मोजून प्रवाह बेतला होता."

अण्णा गप्प बसले, पण नातू बसला नाही. इंटरनेटवर पाहून त्यानं ९ व्होल्टची बॅटरी, वायरी आणि मिठाच्या पाण्यात भिजवलेले दोन स्पंज जमवले. आठवडाभर आजोबा गुपचूप डोक्याला पट्टा बांधून बसत होते. मग एका संध्याकाळी लेकीनं पाहिलं. कपाळावर स्पंजाखालची कातडी लाल झाली होती.

ती रागावली नाही, घाबरली. अशी घरगुती उपकरणं करणाऱ्यांना मेंदूच्या संशोधकांनी २०१६ सालीच खुलं पत्र लिहून सावध केलं होतं: प्रवाह स्पंजाखालीच थांबत नाही, एक क्षमता वाढवताना दुसरी बिघडू शकते, आणि माणसागणिक परिणाम वेगळा. बाजारात विकत मिळणाऱ्या एका हेडसेटनं कार्यस्मृती उलट खालावल्याचं नेदरलँड्समधल्या लायडनच्या संशोधकांना आढळलं होतं. हे सगळं तिनं सांगितलं.

"पण मला फरक जाणवतोय ना!" अण्णा म्हणाले. "काल नंबर एका दमात लावला."

लेक जरा थांबली. "अण्णा, तुमच्या छापखान्यात जुळवलेल्या मजकुराचं प्रूफ कोण वाचायचं?"

"दुसरा. ज्यानं जुळवलं त्याला स्वतःची चूक दिसत नाही. त्याला मनातलंच दिसतं."

"मग याचंही प्रूफ दुसऱ्याला वाचू द्या. पट्टा रोज मी बांधीन. बॅटरी आहे की नाही ते तुम्हाला कळणार नाही."

अण्णा तयार झाले. बॅटरीचा डबा पाठीमागे कापडात गुंडाळलेला असे. पडद्यावर रंगीत चौकोन उमटत, विझत, पुन्हा उमटत. नातू वहीत बरोबर-चूक मांडायचा. रोज शेवटी अण्णा सांगायचे, "आज होता करंट, मुंग्या आल्या," किंवा "आज नव्हता." उत्तरं हळूहळू सुधारत गेली. मुंग्या आल्याच्या दिवशी तर विशेषच.

रविवारी लेकीनं कापड सोडलं. डबा रिकामा होता. पहिल्या दिवसापासून रिकामा होता. रंगीत चौकोनांचा सराव झाला होता, आणि मुंग्या अण्णांच्या भरवशानं आणल्या होत्या.

अण्णा बराच वेळ वही चाळत राहिले. आपल्याला फसवलं याचं त्यांना वाईट वाटलं असेलही, पण पहिला प्रश्न विचारला तो वेगळाच. "मग त्या बेचाळीस जणांनाही असंच भासलं असेल?"

"त्यांनाही लुटुपुटीचा प्रवाह दिला होता," लेक म्हणाली. "कधी खरा, कधी खोटा, आणि कधी कोणता ते त्यांना सांगितलं नव्हतं. खोट्यानं काही झालं नाही, खऱ्यानं झालं. म्हणून त्या संशोधकांचं म्हणणं ऐकण्याजोगं आहे. तरी ते एका तासाभराचं आहे, अण्णा. भाजी आणायला गेल्यावर ते कितपत कामी येईल हा पुढचा प्रश्न."

"म्हणजे त्यांनी प्रूफ काढलं होतं."

"हो."

नातवाला वाटलं होतं, आजोबा आता हा नाद सोडतील. त्यांनी उलट दुसऱ्या एका प्रयोगशाळेचा अर्ज मागवला. वृद्ध स्वयंसेवक हवे होते. अर्जात एक प्रश्न होता: आपण यापूर्वी घरी असं उपकरण वापरलं आहे का?

"नाही लिहा, आजोबा," नातू म्हणाला. "एक आठवडा तर होता. कुणाला कळणारे?"

अण्णांनी 'हो' लिहिलं. खाली वळणदार अक्षरात जोडलं: पहिला आठवडा बॅटरीसह, नंतर बॅटरीविना, तपशील नातवाच्या वहीत. वहीची झेरॉक्स त्यांनी स्वतः जोडली.

घरी उपकरण वापरलेल्यांना या प्रयोगात घेता येत नाही, असं नम्र उत्तर आलं. अण्णांनी ते वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "बरोबर केलं त्यांनी."