सेवा नव्हे, व्यवहार

झाडांवर माझं प्रेम आहे, असं मी आल्यागेल्याला सांगतो. पाहुणे माना डोलावतात, परसातून एक फेरी मारतात आणि जाताना चार नारळ आणि आमसुलांची पुडी घेऊन जातात. त्या प्रेमाची शहानिशा करायला कोणी थांबत नाही. ती ज्याची त्यानेच करायची असते. दापोली तालुक्यातल्या माझ्या परसात हापूसची कलमं आहेत, माड-पोफळी आहेत, फणस आहे, रातांबे आहेत, न्हाणीच्या पाण्यावर वाढलेल्या केळी आहेत, गडग्याला लागून एक जुना रायवळ आंबा आहे आणि दारात बकुळ. वर्षभर काही ना काही निमित्ताने मी यांच्या मागे असतो. पण हे सगळं करताना मी नेमकं कोणाचं भलं पाहतो, असं ऋतुमानाप्रमाणे एकेका कामाला विचारत गेलं, तर येणारी उत्तरं पाहुण्यांना ऐकवण्यासारखी नसतात.

वैशाखापासून सुरुवात करू. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि एप्रिल-मेमध्ये विहिरीचा तळ दिसू लागतो. जांभ्याची जमीन पाणी धरून ठेवत नाही. अशा दिवसांत पंप थोडाच वेळ चालतो आणि ते पाणी कोणाला आधी द्यायचं, हे ठरवावं लागतं. आधी पोफळीला, कारण ती पाण्यावाचून तग धरत नाही. मग माडाला. पोय उमलल्यापासून नारळ पक्का व्हायला सुमारे वर्ष लागतं, त्यामुळे यंदाचा ताण पुढच्या पाडपाला दिसतो. बकुळीची पाळी शेवटी, तीही पाणी उरलं तर. या क्रमाला शेतीचा आधार आहे, त्यामुळे मन खात नाही. पण बकुळ शेवटी येते ती काटक म्हणून, की तिच्यापासून घरात काही येत नाही म्हणून? दोन्ही कारणं खरी आहेत. लोकांना मी पहिलं सांगतो.

मृगाच्या तोंडावर खतं घालायची असतात. शेणखत खोडाशी ओतून उपयोग नसतो. फांद्यांच्या घेराखाली गोल चर मारून त्यात घालायचं, कारण अन्न ओढणारी बारीक मुळं तिथे असतात. कामाला येणारा गडी कलमांचे चर भरून झाल्यावर पाटी घेऊन रायवळापाशी थांबला आणि म्हणाला, ‘‘काका, ह्याला?’’ मी म्हटलं, ‘‘त्याला कशाला? तो आपसूक धरतो.’’ तो पुढे गेला. माझं उत्तर चुकीचं नव्हतं. रायवळाची मुळं खोल गेलेली असतात आणि तो कोणाच्या खतावाचून पिढ्यान् पिढ्या आंबे देत आलेला आहे. तरी या उत्तरात माझा सगळा हिशेब उघडा पडतो. जो लाडका आणि नाजूक, त्याला पाटीभर. जो न मागता देतो, त्याला काही नाही. म्हणजे खत गरजेवर ठरत नाही, परताव्यावर ठरतं.

यातली गंमत अशी की हापूस स्वतःच्या पायावर उभाच नसतो. कोय कलम करताना रायवळाची कोय रुजवतात, तिच्या कोवळ्या रोपावर हापूसची काडी बांधतात आणि सांधा जुळला की वरचं झाड हापूस म्हणून वाढतं. खालचं मूळ शेवटपर्यंत रायवळाचं. पाणी शोधतं ते मूळ, वाऱ्यात झाड धरून ठेवतं तेही मूळ. सांध्याच्या खाली कधीकधी त्या मूळ झाडाचा धुमारा फुटतो. तो दिसला की लगेच खुडायचा, नाहीतर तो कलमाला मागे टाकतो. मीही खुडतो, आणि खुडायलाच हवा. पण ज्याच्या जिवावर माझ्या पेट्या भरतात त्याने पान काढलं की ते मोडायचं, आणि त्याच जातीचं गडग्याजवळचं झाड खताच्या वेळी वगळायचं, असा माझा न्याय आहे. त्याला प्रेम म्हणताना जीभ थोडी अडखळायला हवी.

पावसाळ्यात कामापेक्षा राखण जास्त. माडावर गेंड्या भुंगा येतो. तो सुईसारख्या मिटलेल्या कोवळ्या झापात शिरतो, आणि ते झाप उलगडतं तेव्हा पाती तिरपी कातरलेली दिसतात. माडाला वाढीचा कोंब एकच. तो गेला की माड गेला, कारण बगलेतून नवी फांदी फुटायची सोय त्याला नाही. म्हणून गडी वर चढून आकड्याच्या तारेने भुंगा ओढून काढतो आणि मीही खालून ‘मिळाला का?’ विचारत असतो. भुंग्याला शत्रू म्हणणं सोपं आहे. पण त्याची अंडी माझ्याच परसात, माझ्याच खताच्या खड्ड्यात असतात. कुजणारं शेण आणि पालापाचोळा हे त्याचं बाळंतपणाचं घर. खड्डा वेळोवेळी वरखाली केला की पांढऱ्या जाड अळ्या वर येतात आणि कोंबड्या त्या फस्त करतात. औषधापेक्षा हा उपाय बरा, पण तो अंगमेहनतीचा आहे, म्हणून टळतो. कीड बाहेरून येते, असं मानलं की खड्ड्याकडे पाहायची गरज उरत नाही.

पाऊस ओसरला की वाळक्या फांद्या आणि बांडगुळं काढायची. फूलटोच्या हा एवढासा पक्षी बांडगुळाची फळं खातो. बी चिकट असतं, ते त्याच्याकडून दुसऱ्या फांदीला लागतं आणि तिथेच रुजतं. बांडगुळाला स्वतःची हिरवी पानं असतात, पण पाणी आणि क्षार ते आंब्याच्या अंगातून ओढतं. नुसतं ओरबाडून काढलं तर पुन्हा फुटतं, कारण त्याची मुळं लाकडात उतरलेली असतात. म्हणून फांदीच थोडी खालून कापायची आणि जखमेवर बोर्डो पेस्ट लावायची : एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. हे काम मी मन लावून करतो आणि करताना स्वतःला झाडाचा वैद्य समजतो.

मात्र एकदा कापलेल्या बांडगुळाच्या पानांवर पिवळसर अळ्यांचा दाट घोळका दिसला. त्या हळदीकुंकू नावाच्या फुलपाखराच्या. पंखांच्या खालच्या बाजूला हळदीसारखा पिवळा आणि कडेला कुंकवासारखा तांबडा असलेलं हे फुलपाखरू बांडगुळाच्या जातीतल्या झाडांवरच अंडी घालतं. परसात ते उडताना दिसलं की मी नातवंडांना हाका मारून दाखवतो. त्याचं घर मात्र मी दरवर्षी कोयत्याने उतरवतो. बांडगूळ वाढू दिलं तर कलम खंगतं, हे खरंच आहे, म्हणून कलमांवरचं काढतो. रायवळावरचं आता ठेवतो, निदान थोडं. पण इथेही मला माझी शंका येते. रायवळावर फुलपाखरांसाठी उदार व्हायला माझं काहीच जात नाही. उदारपणा हा नेहमी आपल्याला नको असलेल्या झाडावर का सुचतो?

थंडी पडली की मोहोर येतो आणि मनाची खरी परीक्षा सुरू होते. हापूस स्वभावतः एका वर्षाआड भरतो. भरभरून दिल्यावर दुसऱ्या वर्षी पालवी काढून तो ताकद भरून घेतो. माणसाला ती विश्रांती परवडत नाही, म्हणून पावसाळ्यात मुळांशी पॅक्लोब्युट्राझॉल देतात. त्याने पालवीची वाढ आवरली जाते, मोहोर लवकर येतो आणि दरवर्षी येतो. मी ते देत नाही. हे सांगताना आवाजात एक चढ येतो, तो मला स्वतःलाच ऐकू येतो. खरं काय, तर माझा आंबा घरापुरता आणि नातलगांच्या चार पेट्यांपुरता. ज्याच्या घरची फी आणि कर्ज हापूसच्या पहिल्या पेटीवर ठरतं, त्याच्यापुढे माझ्या पथ्याची किंमत शून्य आहे. फुकटात मिळालेलं पुण्य मिरवू नये. फवारणीचंही तसंच. तुडतुडे आणि भुरी मोहोर जाळतात, ते रोखावं लागतं. पण आंब्याच्या मोहोराचं परागण मुख्यतः माशा आणि इतर छोटे कीटक करतात. मोहोर पूर्ण फुललेला असताना फवारा मारला, तर ज्यांनी फळ धरायला मदत करायची तेच आधी मरतात. हे मला ठाऊक आहे. तरीही शेजारच्या बागेत पंपाचा आवाज सुरू झाला की हात शिवशिवतात. झाडाला काय हवंय यापेक्षा शेजारी काय करतोय याने मी जास्त हलतो.

फाल्गुनात पानगळ होते, परसभर पातेरा पडतो. घर नीटनेटकं दिसावं म्हणून पातेरा गोळा करून पेटवायचा ही इथली जुनी रीत. राखेतून थोडं पालाश परत मिळतं, पण बाकीचं बरंचसं धुरावाटे जातं आणि जमीन ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर उघडी पडते. हापूसमध्ये साका होतो, वरून पिवळाधमक आणि आत पांढुरका स्पंजासारखा गर. तापलेल्या उघड्या जमिनीची धग हे त्याचं एक कारण मानतात आणि बुंध्याभोवती पाल्याचं आच्छादन ठेवा असा सल्ला देतात. म्हणजे झाड स्वतःच आपल्या पायाशी पांघरूण टाकतं आणि आपण ते स्वच्छतेच्या नावाखाली जाळतो. यात झाडाची काय चूक? अंगण झाडलेलं दिसावं ही गरज माणसांची आहे, आणि लोक काय म्हणतील याची.

मग आंबे उतरतात. झेला घेऊन देठासकट आंबे काढायचे, चीक उतरवायचा, अढी घालायची. शेंड्यावरचे चार आंबे पाखरांसाठी ठेवले, असं आम्ही म्हणतो. खरं तर तिथवर झेला पोचत नाही.

3 जून 2020 ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं आणि आमच्या भागातल्या वाड्याही आडव्या करून गेलं. वादळानंतर परसात पाऊल टाकलं तेव्हा माझ्या मनाने पहिली गोष्ट केली ती मोजणी. किती माड, किती पोफळी, किती वर्षांचं उत्पन्न. मोठ्या फांद्या मोडलेली बकुळ मला त्यानंतर दिसली. पंचनामा फळझाडांचा झाला, बकुळीचा होणारही नव्हता, आणि त्यात सरकारचं काही चुकलं नाही. पण माझ्या मनातल्या पंचनाम्यातही तिला रकाना नव्हता. दारातलं झाड, जिच्या फुलांचा गजरा घरातल्या तीन पिढ्यांनी माळला, ती मला उत्पन्नाच्या पलीकडे दिसायला वेळ लागला.

आणखी एक गोष्ट सद्सद्विवेकापुढे ठेवायला हवी. ‘मी झाडांची काळजी घेतो’ या वाक्यातला ‘मी’ बराचसा खोटा आहे. माडावर चढतो तो गडी. घसरला तर हाडं मोडणार त्याची. रोज पहाटे पातेरा काढते घरातली बाई. केळीला पाणी जातं ते तिच्या भांड्यांच्या मोरीतून. मी चर कुठे मारायचा ते सांगतो आणि कौतुक स्वीकारतो. गड्याला मजुरी मिळते, पण तो चढतो तेव्हा खाली दोर, मदतीला माणूस आणि अंगावर विमा असतो का, हेही झाडांच्या काळजीतच मोजायला हवं.

कायद्याने काही बांध घातलेले आहेत. आंबा, फणस, जांभूळ ही झाडं स्वतःच्या जमिनीत असली तरी महाराष्ट्रात 1964 च्या वृक्षतोड नियमनाच्या कायद्यानुसार परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. पण कायदा कुऱ्हाड पाहतो. बुंध्यापर्यंत फरशी बसवणं, कपडे वाळत घालायला खोडात खिळे ठोकणं, गाडीसाठी मुळं छाटणं, हे सावकाश मारणं त्याला दिसत नाही. ते फक्त घरमालकाला दिसतं. तिथून पुढचा भाग सद्सद्विवेकाचा आहे.

या सगळ्या झडतीनंतर मी एका निष्कर्षाला आलो आहे. माझं झाडांशी नातं व्यवहाराचं आहे, आणि ते मान्य करण्यात कमीपणा नाही. माणूस परसात झाडं लावतो ती फळासाठी, सावलीसाठी, फुलासाठी. लबाडी सुरू होते ती त्या व्यवहाराला सेवा म्हटल्यावर, कारण सेवेचा हिशेब कोणी मागत नाही. व्यवहार म्हटलं की देणं-घेणं चोख लागतं. झाडाने टाकलेला पाला त्याच्याच पायाशी जायला हवा. भरलेल्या वर्षानंतरचं रिकामं वर्ष त्याच्या हक्काचं. न मागणाऱ्यालाही पाटीभर खत आणि काम करणाऱ्याला सुरक्षितता. पाखरांचा वाटा हात पोचतो त्या फांदीवरचा हवा, शेंड्यावरचा नव्हे.

तुमच्या दारात एखादंच झाड असेल, नाहीतर सोसायटीच्या आवारातलं असेल, ज्यापासून तुम्हाला काहीच मिळत नाही. यंदाच्या उन्हाळ्यात पहिली बादली त्याला घाला. आपण झाडांवर प्रेम करतो की फक्त फळांवर, हे तेवढ्यावरून कळेल.