बदललेल्या बेताचा भरवसा

आगमनकाळात, नाताळाआधीच्या चार रविवारी, एकेक मेणबत्ती पेटते आणि आपण एकमेकांना सांगतो, देवावर भरवसा ठेव. पण हे कुणी कुणाला सांगायचं?

जरीपटक्यात हा प्रश्न नवा नाही. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधी कुटुंबं इथे आली, ती बेत आखून नव्हे. 'यात देवाची काही योजना असेल' असं त्यांना म्हणणं सोपं. शेजारी जागा करून देणं अवघड.

याच नागपुरात काही काळ राहिलेले कवी ना. वा. टिळक रेल्वेने राजनांदगावला निघाले असता एका सहप्रवाशाने त्यांना 'नवा करार' दिला. १८९५ साली मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांच्यासाठी ती देवाची हाक होती. लक्ष्मीबाईंसाठी मोडलेला संसार. काही वर्षं त्या दूर राहिल्या. परतल्या तेव्हाही आपलं सोवळं सांभाळूनच, आणि टिळकांनी ते सांभाळू दिलं. पुढे त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तो स्वतःच्या मनाने.

मत्तयच्या शुभवर्तमानात योसेफाचाही बेत मोडतो. मरीयेला गुपचूप सोडायचं त्याने ठरवलेलं असतं. स्वप्नात देवदूत बोलतो. जागा झाल्यावर योसेफ तिला उपदेश करत नाही, घरी आणतो.

भरवसा म्हणजे प्रत्येक बदल भल्यासाठीच आहे ही खात्री नव्हे. तो बदल ज्याला महाग पडतो, त्याची साथ न सोडणं म्हणजे भरवसा. पुढची मेणबत्ती लावताना एवढंच विचारू या: माझ्या श्रद्धेची किंमत दुसरंच कुणी मोजत नाही ना?