अंकित न होणारा सोबती

महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वात धर्मराजास स्वर्गास नेण्यासाठी इंद्र रथ घेऊन येतो, आणि बरोबर चालत आलेल्या कुत्र्यास मागे टाकून त्या रथात पाय ठेवण्याचे धर्मराज साफ नाकारतो. हा प्रसंग आपल्या घराघरांतून इतक्या वेळा सांगितला गेला आहे, की त्यातून उद्भवणारा एक प्रश्न विचारावयाचा राहूनच जातो. कुत्रा हा भक्त. त्याचा त्याग न करणे हे कृतज्ञतेचे कर्तव्य झाले. परंतु त्या वाटेने धर्मराजाच्या मागून कुत्र्याऐवजी एखादे मांजर आले असते तर? मनास येईल तेथे थांबणारे, हाक मारली असता मान वळवून पाहणारे पण जवळ न येणारे, आणि आपण कोणाबरोबर चाललो आहोत याची फारशी पर्वा न करणारे? त्याच्यासाठी धर्मराजाने रथ परत धाडला असता काय? म्हणजेच, ज्याने आपली सेवा केली नाही व जो आपला अंकित होत नाही, त्याच्याविषयी आपले काही कर्तव्य आहे की नाही?

मांजरांवर लहान मुलांसाठी व प्रौढ मार्जारप्रेमी वाचकांसाठी निरनिराळ्या देशांत जी पुस्तके लिहिली गेली, ती वरवर पाहता करमणुकीची दिसतात. तथापि त्यांतील उत्तम पुस्तके याच प्रश्नाभोवती घोटाळत आहेत असे मला वाटते, आणि म्हणूनच त्यांचा विचार थोड्या गांभीर्याने करणे अस्थानी होणार नाही.

आपल्या जुन्या वाङ्मयात मांजर बहुधा आरोपीच्या पिंजऱ्यातच उभे असते. पंचतंत्राच्या तिसऱ्या तंत्रात ससा व कपिंजल पक्षी आपला घराचा तंटा घेऊन एका तपस्वी मांजराकडे जातात, आणि वार्धक्याने ऐकू येत नाही या सबबीवर जवळ बोलावून ते दोघांचाही निकाल लावते! महाबलिपुरम येथील सातव्या शतकातील प्रचंड शिल्पपटात एक मांजर हात उभारून तप करीत आहे व त्याच्या पायाशी उंदीर आहेत. मनुस्मृतीने तर ढोंगी धर्माचरणास ‘बैडालव्रत’ हे नावच देऊन टाकले. आणि मौज अशी की, उद्योगपर्वात दुर्योधन उलूकाकरवी जो कठोर निरोप धाडतो, त्यात गंगातीरी तप करणाऱ्या अशाच एका मांजराची गोष्ट सांगून तो प्रत्यक्ष युधिष्ठिरासच त्या मांजराच्या पंक्तीस बसवितो.

आता हा आरोप कितपत न्याय्य आहे? मांजर बिळाशी तासन्‌तास निश्चल बसते ते पोटासाठी. त्या बसण्यास तप हे नाव माणसाने दिले, आणि ते तप खोटे निघाले म्हणून ठपकाही माणसानेच ठेवला. ज्या दातांनी मांजर उंदीर धरते त्याच दातांनी ते आपले पिलू ओरखडाही न उमटू देता उचलून नेते. दक्षिणेतील तेंकलै श्रीवैष्णवांचे लक्ष या दुसऱ्या गोष्टीकडे गेले, आणि जीवाने काहीही न करता ईश्वर त्यास उचलून नेतो हा आपला सिद्धान्त त्यांनी मार्जारन्यायाने सांगितला. तर माकडाचे पिलू आईस घट्ट धरून राहते तसा जीवानेही काही यत्न केला पाहिजे, असे वडकलै पंथाने मर्कटन्यायाने प्रतिपादिले. एकाच प्राण्याचे मुख एका शास्त्रात ढोंगाचे व दुसऱ्यात भगवत्कृपेचे प्रतीक झाले. मांजराचा अभिप्राय मात्र कोणीही विचारला नाही.

गोष्टीत मांजरास नावे ठेवल्याने मांजराचे काय बिघडते, असे कोणी म्हणेल. परंतु कल्पित आरोपाची शिक्षा पुष्कळदा खऱ्या प्राण्यास भोगावी लागते. मांजर हे सैतानाचे हस्तक, अशी समजूत मध्ययुगीन युरोपात दृढ झाली होती. बेल्जममधील ईप्र शहरात उंच मनोऱ्यावरून जिवंत मांजरे खाली फेकण्याची चाल १८१७ पर्यंत चालू होती. आपल्याकडे मांजर आडवे गेले म्हणून माघारी फिरणारे आणि जाता जाता त्यास दगड मारणारे लोक काही नाहीसे झालेले नाहीत. तेव्हा मुलांच्या हाती मांजराचे कोणते पुस्तक द्यावे, ही गोष्ट वाटते तितकी क्षुल्लक नाही.

मुलांच्या पुस्तकांतील मांजरे बोलतात, अंगरखे घालतात, पाहुण्यांस चहास बोलावितात. हे असत्य मुलांस शिकवावे काय, अशी शंका काही विचारवंत काढतात. मला ती खरी अडचण वाटत नाही. बीॲट्रिक्स पॉटर या आंग्ल लेखिकेचे टॉम किटनवरील पुस्तक १९०७ साली प्रसिद्ध झाले. त्यात आई पाहुण्यांसाठी आपल्या तिन्ही पिलांना नटवून सजवून बाहेर सोडते. पण पिले ती पिलेच! टॉमची बटणे तटातट तुटतात, कपडे गळून पडतात आणि ते बदकांच्या अंगावर जातात. येथे लेखिकेने मांजरास माणसाचे कपडे चढविले खरे, परंतु ते त्यास बसत नाहीत हीच तिच्या गोष्टीतील गंमत आहे. मूल ही गोष्ट ऐकून खदखदा हसते, कारण पाहुण्यांसाठी घातलेले कपडे कसे टोचतात हे त्यास ठाऊक असते. बोलणारे मांजर हे असत्य नव्हे. आपण घातलेला पोषाख त्यास अगदी बेतशीर बसला, असे सांगणे हे असत्य होय.

मुंबईत १८६५ साली जन्मलेल्या रडयार्ड किप्लिंगने १९०२ साली प्रसिद्ध केलेल्या बालकथांत एकट्याने हिंडणाऱ्या मांजराची जी कथा सांगितली आहे, ती याहून एक पाऊल पुढे जाते. कुत्रा, घोडा व गाय ही जनावरे अन्नाच्या मोबदल्यात गुहेतील माणसांची चाकरी पत्करतात. मांजर चाकरी पत्करीत नाही. ते गुहेतील स्त्रीशी करार करते. ते मुलास रमवते, उंदीर मारते, आणि त्याबद्दल गुहेत बसण्याचा, शेकोटीजवळ पहुडण्याचा व दूध पिण्याचा हक्क मिळवते. रात्र झाली की पुन्हा आपल्या वाटेने निघून जाते. किप्लिंगच्या राजकीय मतांविषयी आपणांस प्रेम वाटण्याचे कारण नाही. आणि चाकरी व करार यांतील हा भेद साम्राज्याची थोरवी गाणाऱ्या लेखकाच्या हातून इतका स्पष्ट उतरावा, हे नवलच म्हणावयाचे. देवघेव वेगळी आणि ताबेदारी वेगळी, हे बालवयात कळलेले पुढे फार उपयोगी पडते.

प्रौढांसाठी लिहिलेल्या पुस्तकांत धोका निराळा असतो. तेथे मांजरास कोणी दगड मारीत नाही. तेथे त्याचे खुषमस्कऱ्यात रूपांतर होते. लेखकाचे एकटेपण ओळखणारे, त्याच्या दुःखाने व्याकुळ होणारे असे जे मांजर कित्येक पुस्तकांत आढळते, ते वस्तुतः लेखकाचे स्वतःवरील प्रेमच होय. केवळ त्यास चार पाय व एक शेपटी लाविलेली असते. सोळाव्या शतकातील फ्रेंच निबंधकार माँतेन याने आपल्या मांजराशी खेळता खेळता, खेळवणारा कोण आणि खेळणे कोण, असा संशय प्रकट केला. तो संशय ज्या पुस्तकात जागा राहतो ते पुस्तक सहसा बिघडत नाही.

जपानी कादंबरीकार नात्सुमे सोसेकी हा इंग्रजी वाङ्मयाचा अध्यापक होता. त्याने १९०५-०६ मध्ये एका मांजराच्या तोंडून आपल्या घराची, मित्रमंडळाची व विद्वत्तेच्या बढाईची जी हजेरी घेतली आहे, ती वाचताना आम्हा अध्यापकांस तरी पुष्कळदा मान खाली घालावी लागते. त्या मांजरास धन्याने नावसुद्धा दिलेले नाही. ज्याच्या मूळ मांजरावरून हे पुस्तक सुचले तेही निनावीच होते. पण १९०८ साली ते मेले तेव्हा सोसेकीने आपल्या स्नेह्यांस त्याच्या मृत्यूची वार्ता पत्रांनी कळविली. टी. एस. एलियटने १९३९ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या मार्जारगीतांत याच्या उलट कल्पना मांडली, की प्रत्येक मांजरास एक असे नाव असते जे फक्त त्या मांजरासच ठाऊक असते. एकाने नाव दिले नाही, दुसऱ्याने खरे नाव आपणांस कळणार नाही असे सांगितले. दोघांनीही मांजराचे परकेपण पुसून टाकले नाही.

त्याच १९३९ साली ख्रिस्तोफर स्मार्ट या अठराव्या शतकातील कवीचे एक दीर्घ काव्य प्रथमच छापले गेले. वेडा ठरवून कोंडून ठेवलेल्या अवस्थेत त्याने ते लिहिले, आणि त्यातील सत्तराहून अधिक ओळी त्याच्या जेफ्री नावाच्या मांजरावर आहेत. सकाळी उठून मांजर पंजे कसे न्याहाळते, अंग कसे ताणते, खांबास कसे घासते, हे सर्व तो एखाद्या पूजाविधीप्रमाणे क्रमाने नोंदवितो. ज्यास समाजाने निरुपयोगी म्हणून बाजूस टाकले होते त्याने एका प्राण्याकडे असे एकाग्रतेने पाहावे, आणि त्याजकडून काहीही मागू नये! स्नेहाचा आरंभ अशा पाहण्यात होतो, असे मी समजतो.

यावर असा आक्षेप येईल की, कृतज्ञता हा समाजाचा पाया आहे. मोबदल्याची अपेक्षाच सोडली तर नीती उरते कोठे? आक्षेप वजनदार आहे. परंतु कृतज्ञतेच्या नावाखाली आपण पुष्कळदा आज्ञाधारकपणाच मागत असतो, हे स्वतःच्या घरात डोकावून पाहिले तरी कळेल. मुलगा आपण आखलेला मार्ग सोडून दुसरी विद्या शिकू लागला, सुनेने स्वतंत्र मत मांडले, वृद्ध चुलत्यांनी आपल्या सोयीप्रमाणे राहण्याचे नाकारले, की ‘एवढे केले, पण त्याचे काही नाही’ हे उद्गार आपल्या तोंडी येतात. मांजरावर कृतघ्नतेचा जो आरोप आपण करतो तो शब्दशः हाच. जे आपल्या कह्यात आहेत त्यांच्यावर माया करणे सोपे आहे. त्या मायेत आपल्या सत्तेचे सुख मिसळलेले असते. ते सुख वजा केल्यावर जे शिल्लक राहील तेवढेच प्रेम म्हणून जमेस धरावे.

धर्मराजाने इंद्रास दिलेल्या उत्तरात भक्ताबरोबरच भयभीत व आर्त यांचाही उल्लेख आहे; म्हणजे त्याच्या करुणेस सेवेची अट नव्हती. तेव्हा मांजरासही त्याने बाहेर ठेविले नसते, असे मानावयास आधार आहे. मात्र ते मांजर त्या रथात बसले असते की नाही हे सांगवत नाही. आणि ते न बसता तर धर्मराजाने त्यास कृतघ्न म्हटले नसते, असे समजण्यास हरकत नसावी. मुलांस रात्री मनीमाऊची गोष्ट वाचून दाखविताना आईबापांनी या गोष्टीचा मनाशी थोडा विचार करावा. पुस्तक मिटल्यावर जे मूल शेजारी निजलेले असते, त्याचेही एक नाव असे असू शकेल, की जे आपण ठेवलेले नाही.