दुखू द्यायचं, कारण कळायला हवं म्हणून?

आमच्या कामात एक नियम आहे. प्रॉडक्शनचा सर्व्हर अडकला तर लगेच रीस्टार्ट मारायचा नाही. रीस्टार्ट केला की सर्व्हर बहुतेक वेळा उठतो, पण तो का पडला याचा पुरावाही त्याच क्षणी पुसला जातो. म्हणून आधी लॉग गोळा करायचे, मेमरीचा डंप घ्यायचा आणि मगच हात लावायचा. तेवढा वेळ ग्राहक ओरडत असतात, मॅनेजर फोनवर फोन करत असतो. तरी नियम बरोबर आहे. कारण न शोधता उठवलेला सर्व्हर पुन्हा पडतो, आणि शक्यतो पहाटे तीनला पडतो.

हाच नियम माणसाला लावता येतो का?

हा प्रश्न मला पडला तो रूममेटच्या पोटदुखीमुळे. मागच्या पावसाळ्यात एका रात्री त्याच्या पोटात अचानक दुखायला लागलं. आधी बेंबीभोवती, नेमकं कुठे ते सांगता येईना. ओवा झाला, लिंबू-सोडा झाला, त्याच्या आईनं फोनवरून सांगितलेलं हिंगाचं पाणी झालं. पहाटेपर्यंत दुखणं उजवीकडे खाली सरकलं होतं. रिक्षातून हॉस्पिटलला नेताना प्रत्येक स्पीडब्रेकरला तो कळवळत होता. ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, "सर्जन सर येऊन पोट बघेपर्यंत दुखणं थांबवायचं इंजेक्शन देता येणार नाही. लक्षणं झाकली जातात." सर्जन दोन तासांनी आले. अपेंडिक्स निघालं, ऑपरेशन झालं, आज तो ठणठणीत आहे. कुणाचं काही बिघडलं नाही. पण ते दोन तास माझ्या डोक्यातून जाईनात. ते गरजेचे होते का?

डॉक्टरांचं म्हणणं हवेतून आलेलं नव्हतं. त्यामागे शंभर वर्षांची परंपरा आहे. लंडनचे सर्जन झकॅरी कोप यांनी १९२१ साली अचानक उद्भवणाऱ्या पोटदुखीच्या निदानावर एक छोटं पुस्तक लिहिलं. सर्जरी शिकणाऱ्यांच्या पिढ्या त्यावर पोसल्या. (याच कोप यांनी पुढे टोपणनावानं हा विषय चक्क पद्यातही लिहिला.) निदान होण्याआधी मॉर्फिन देऊ नका, असं त्यांनी बजावलं होतं. हे क्रूर वाटेल याची त्यांना जाणीव होती. पण त्यांचा युक्तिवाद असा, की मॉर्फिननं शांत झालेला रुग्ण आपण बरे होतोय अशा समजुतीत मरू शकतो, आणि शेजारी उभा असलेला डॉक्टरही काही काळ त्याच भ्रमात राहू शकतो.

तो काळ डोळ्यांसमोर आणला की हे पटतं. सोनोग्राफी नव्हती, सीटी स्कॅन नव्हता. सर्जनकडे होते डोळे, कान, हाताची बोटं आणि रुग्णाचे शब्द. आणि दुखणं खरंच खूप काही सांगतं. अपेंडिक्सचंच घ्या. त्याच्या नसा मणक्यात ज्या पातळीवर पोचतात, जवळपास त्याच पातळीवर बेंबीच्या भागातल्या नसाही येतात. त्यामुळे सुरुवातीला मेंदूला वाटतं की बेंबीपाशी दुखतंय. पुढे सूज पोटाच्या आतल्या अस्तरापर्यंत गेली की त्या अस्तराच्या नसा जागा अचूक दाखवतात, आणि दुखणं उजवीकडे खाली 'सरकतं'. प्रत्यक्षात सरकलेलं काहीच नसतं, बातमी देणारा बदललेला असतो. स्पीडब्रेकरचंही तसंच. धक्क्यानं ते सुजलेलं अस्तर हलतं. २०१२ साली इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी हा प्रश्न रुग्णांना रीतसर विचारून पाहिला. अपेंडिक्सची सूज नक्की झालेल्या ३४ जणांपैकी ३३ जणांना हॉस्पिटलला येताना स्पीडब्रेकरवर दुखलं होतं. तेवढ्यावर निदान होत नाही, कारण दुसऱ्या आजारांतही असं दुखतं. पण न दुखणं हा मोठा दिलासा असतो.

आपल्या भाषेकडेही या माहितीचा मोठा साठा आहे. कळ येते आणि जाते. मुरडा पिळवटतो आणि संडासला धाव घ्यायला लावतो. ठणका सलग असतो. जळजळ वर चढते. मुतखड्याची कळ आली की माणूस एका जागी राहू शकत नाही, गडाबडा लोळतो. उलट आतडं किंवा जठर फुटून पोटाच्या अस्तराला सूज आली की तो निपचित पडतो, खोकायलाही घाबरतो. नुसता 'एक ते दहामध्ये किती दुखतंय' हा आकडा यातलं काहीच सांगत नाही.

तेव्हा दुखणं हा पुरावा आहे, यात शंका नाही. प्रश्न पुढचा आहे. पुरावा शाबूत राहावा म्हणून माणसाला दुखत ठेवावं का?

माणसाला नुसतं साधन म्हणून वापरू नये, हे कांटचं तत्त्व आपण ऐकलेलं असतं. पण इथे ते सरळ लागू होत नाही. तळमळतो तोच रुग्ण आणि फायदा व्हायचा तोही त्याचाच. त्याच्या भल्यासाठीच त्याला सहन करायला सांगितलं जातंय. म्हणूनच हा नियम इतका काळ टिकला असावा. दुसऱ्याच्या फायद्यासाठी एखाद्याला दुखत ठेवलं तर आपल्याला लगेच खटकतं. त्याच्याच फायद्यासाठी ठेवलं की आपण हिशोब तपासत नाही.

हा हिशोब नीट तपासायला सत्तरएक वर्षं लागली. १९९२ साली ब्रिटनमध्ये पोटात तीव्र दुखणाऱ्या १०० रुग्णांवर एक चाचणी झाली. काहींना सर्जनच्या तपासणीआधी अफूजन्य वेदनाशामक दिलं, काहींना नुसतं सलाइनचं पाणी. ज्यांना औषध मिळालं त्यांचं दुखणं कमी झालं, पण निदानात अडथळा आला नाही. पुढे अशा बऱ्याच चाचण्या झाल्या. २००७ आणि २०११ साली कोक्रेननं त्यांचा एकत्रित आढावा घेतला तेव्हाही निष्कर्ष तोच निघाला: अशा वेदनाशामकांनी चुकीच्या निदानाचा धोका वाढल्याचं दिसत नाही. दुखणं कमी झालेला माणूस पोट दाबू देतो, प्रश्नांची धड उत्तरं देतो. सुजलेली जागा दाबली की तरीही दुखतं.

कोप १९२१ साली चूक होते असं मला म्हणायचं नाही. त्यांच्या हाती जी साधनं होती त्यांवर तो नियम उभा होता. साधनं बदलली, नियम मात्र पाठांतरानं पुढे सरकत राहिला. आमच्याकडे जुन्या कोडमध्ये एखादी कॉमेंट असते, 'ही ओळ काढू नका'. लिहिणारा केव्हाच कंपनी सोडून गेलेला असतो. ओळ काढून बघायची हिंमत कुणी करत नाही, कारण काही बिघडलं तर दोष काढणाऱ्यावर येईल. रात्रपाळीतल्या एकट्या डॉक्टरचीही हीच अडचण असणार. इंजेक्शन दिलं आणि सर्जन चिडले तर उत्तर त्याला द्यावं लागतं. न दिल्याबद्दल कुणीच जाब विचारत नाही. तळमळण्याची किंमत मात्र तिसराच माणूस मोजतो. सर्व्हरच्या बाबतीत हे खपून जातं, कारण लॉग देताना सर्व्हरला दुखत नसतं.

ही किंमत सगळे सारखी मोजतात असंही नाही. २००८ साली अमेरिकेतल्या फिलाडेल्फियातून एक अभ्यास प्रसिद्ध झाला. इमर्जन्सी विभागात पोटदुखी घेऊन आलेल्या ९८१ रुग्णांची नोंद त्यात होती. स्त्रिया आणि पुरुषांनी सांगितलेली वेदना जवळपास सारखी होती. तरी वेदनाशामक मिळायला पुरुषांना साधारण ४९ मिनिटं लागली आणि स्त्रियांना ६५. आपल्या घरांत तर घड्याळ त्याही आधी सुरू होतं. मुलीच्या पोटात दुखलं की 'पाळीचं असेल, झोप जरा'. पण गर्भ गर्भाशयाऐवजी नळीत रुजला आणि ती नळी फुटली, किंवा अंडाशयाला पीळ पडला, तर तेही दुखणं ओटीपोटातच असतं. त्यात तास मोजायचे असतात, दिवस नाही.

म्हणजे दुखण्यावर दोन उलटे अन्याय होतात. एकीकडे ते इतका मौल्यवान पुरावा ठरतं की थांबवायचं नाही. दुसरीकडे ते पुरावाच धरलं जात नाही. इलेन स्कॅरी या अभ्यासकांनी १९८५ सालच्या आपल्या पुस्तकात असा विचार मांडला, की ज्याला दुखतं त्याच्यासाठी वेदनेइतकं खात्रीचं काही नसतं, आणि ऐकणाऱ्यासाठी तीच शंकेची जागा असते. पोटाच्या एका आजारात हे अक्षरशः दिसतं. आतड्याचा रक्तपुरवठा गुठळीनं अचानक बंद पडला की रुग्ण असह्य दुखतंय म्हणून ओरडतो, पण पोट दाबून पाहिलं तर मऊ लागतं. सुरुवातीला हाताला फारसं काही सापडत नाही. तपासणीच्या मानानं दुखणं फार जास्त, ही विसंगती हीच त्या आजाराची खूण. तिथे 'नाटक करतोय' म्हणणाऱ्याच्या हातून आतडं जातं, कधी जीवही.

याचा अर्थ घरी गोळी घेऊन झोपावं असा मुळीच नाही. अपेंडिक्स फुटलं की दुखणं काही काळ अचानक कमी होऊ शकतं, आणि घरचे म्हणतात उतार पडला. वरच्या पोटातली 'ॲसिडिटी' कधी हृदयविकाराचा झटका असते. अचानक सुरू झालेलं तीव्र दुखणं तासन्‌तास टिकलं, पोट लाकडासारखं कडक झालं, चक्कर आली, उलटीतून किंवा संडासवाटे रक्त गेलं, तर हॉस्पिटल गाठायचं. वेदना कमी करण्याचा अधिकार मी म्हणतो तो तिथला आहे, जिथे कारण शोधणारं कुणीतरी शेजारी आहे.

सहन करायला सांगणं नेहमीच चूक असतं, असंही मला वाटत नाही. जखम साफ करताना, मोडलेला हात बसवताना ते सांगावंच लागतं. पण सांगणाऱ्याकडे तीन उत्तरं असावीत: किती वेळ, कशासाठी, आणि त्यानं ते खरंच साधतं हे तपासलंय का. रूममेटला त्या पहाटे पहिल्या प्रश्नाचं उत्तर कुणी दिलं नव्हतं. दुसऱ्याचं दिलं होतं. तिसऱ्याचं उत्तर तो जन्मायच्या आधीच छापून आलेलं होतं.